विषय : सामन्याचा जोर मोजणेबाबत

“फुटबॉलचा जोर मोजणार म्हणे! आधी स्वतःचा मोज. सकाळपासून साधी बादली उचलली नाहीस.”

वडील हे दाढी करता करता आरशाला म्हणाले, पण लागलं ते मागे टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या पोराला.

“बादली भरून ठेवलीय.”

“अर्धी.”

“अर्धी कशी? मोजलीत का?”

“ऐकलंस?” वडिलांनी फेसातूनच आईला साक्षीला बोलावलं. “मोजायचं वेड लागलंय याला. आणि शाळेत बसून मोज म्हटलं तर पोटात दुखतं.”

शाळा हा शब्द निघाला की पोराच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. गल्लीत त्याला भडक्या म्हणत ते उगाच नाही. शाळा सोडून आठ महिने झाले होते. का सोडली हे विचारायचं नाही. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर मिळालं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर मुद्दा जोराचा. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की प्रत्येक सामन्यात एक क्षण असा येतो की सगळे एकदम म्हणतात, “झालं, फिरला सामना!” भडक्या नेमका तिथे अडायचा. फिरला म्हणजे काय झालं? कितव्या मिनिटाला? कुणी फिरवला? विचारलं की लोक म्हणायचे, “अरे, ते कळतं.” आता ज्याला कळतं त्याला सांगता का येऊ नये, हे भडक्याला कळत नव्हतं. मग एक दिवस त्याला मोबाइलवर दिसलं की मोठमोठ्या क्लबांनी याच कामाला माणसं ठेवलेली असतात. ती मिनिटामिनिटाचे आकडे भरतात. कुणी किती पास दिले, गोलवर कुणी मारलं, चेंडू कुणाच्या अंगणात जास्त राहिला. त्यातून कॉम्प्युटर एक रेघ काढतो. रेघ वर गेली की जोर आपला, खाली गेली की त्यांचा. भडक्या ती रेघ बघत बसला तो जेवायलासुद्धा उठला नाही, आणि तो जेवायला उठत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे आईने ओळखलं.

वडिलांनी चेहरा पुसला. ते नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून होते, तीन नंबरच्या खिडकीत. कागद बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. स्वतःच्या जन्मावरसुद्धा बसला तो दाखला हातात आल्यावरच.

“हे बघ. तुझ्या त्या कोचने मला लिहून द्यावं, ‘हा मुलगा कामाचा आहे.’ सही, तारीख. तसं दिलं तर मी हा फाडतो.” त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म. “नाही दिलं तर तू हा भरायचास. शेवटची तारीख पुढच्या महिन्यात सतरा. शुक्रवार. संध्याकाळी पाच.”

“देईल की! गल्लीची टीम कप जिंकली की लगेच देईल. फायनल अठराला आहे.”

“म्हणजे एक दिवस उशिरा. छान,” वडील म्हणाले आणि फॉर्म परत खिशात गेला. त्या दिवसापासून शर्ट बदलला तरी फॉर्म बदलत नसे. तो रोज नव्या खिशातून डोकं वर काढून बघायचा.

*

मैदानाला लागून पाणीखात्याची उंच टाकी आहे, आणि टाकीला वर गोल सज्जा. जमिनीवरून सामना बघितला तर दिसतात त्या फक्त पोटऱ्या. सज्ज्यातून बघितला तर अख्खं मैदान ताटासारखं. भडक्याने ठरवलं, मोजायचं ते तिथूनच. टाकी पाणीखात्याची, पाणीखात्यात वडील. घरचंच काम.

तीन नंबरच्या खिडकीसमोर तो पाऊण तास रांगेत उभा राहिला. काचेमागे वडिलांनी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच बघत असल्यासारखं त्याच्याकडे बघितलं.

“नाव?”

“बाबा, मी आहे.”

“अर्जदाराचं नाव.”

भडक्याने नाव सांगितलं. वडिलांनी स्पेलिंग विचारलं.

“सज्ज्यावर जाण्याचं कारण?”

“सामन्याचा जोर मोजायचाय.”

“पाण्याचा दाब?”

“खेळाचा जोर! तुम्हाला माहितीये, सकाळीच भांडलोय आपण!”

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. वडिलांनी शांतपणे छापील कागद काचेखालून पुढे सरकवला. “मान्य कारणं चार. तपासणी, दुरुस्ती, रंगकाम, शैक्षणिक अभ्यास. यातलं कुठलं?”

“कुठलंच नाही!”

“मग नामंजूर. पुढचे.”

भडक्याने कागद तिथल्या तिथे आडवा फाडला, एक तुकडा खिडकीत टाकला, दुसरा रागाच्या भरात स्वतःच्याच खिशात कोंबला आणि तडक बाहेर पडला. संध्याकाळी घरी वडिलांनी विचारलं, “आज चेहरा का उतरलाय? कुणी काही बोललं का?”

*

टाकी गेली, आता माणसं हवीत. नव्वद मिनिटं, बावीस खेळाडू आणि डोळे दोनच, हे गणित न जमणाऱ्यालाही समजत होतं.

पहिली भरती आत्याची. ती त्यांच्याकडेच राहायची आणि दुपारी तिला काही काम नसायचं. दुसरी भरती शेजारच्या शिंपीकाकांची. त्यांनी स्वतःहून पद्धत शोधली. कोटाच्या जुन्या अस्तरावर खडूने नव्वद चौकोन आखले, मिनिटाला एक. आपल्या टीमचा पास झाला की लाल डोक्याची टाचणी, त्यांचा झाला की पांढरी. आत्याकडे गोलवरचे फटके आणि कॉर्नर. भडक्या मध्ये बसून सगळं लॅपटॉपवर चढवणार. लॅपटॉप मामाचा जुना, त्याचं सातचं बटण निखळलेलं. त्यामुळे सात हा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात एकदा जपून ठेवलेला होता आणि लागेल तेव्हा तिथून उचलून आणावा लागायचा.

हिशेब सोपा होता. गोलवर फटका, तीन गुण. कॉर्नर, दोन. समोरच्यांच्या हद्दीत पास, एक. आपल्यातून त्यांचे वजा, आली रेघ.

सल्ले मात्र फुकट आणि न मागता आले. कुणी म्हणालं वाऱ्याचे गुण धर, कुणी म्हणालं रेफरीचा मेहुणा कुठल्या टीममध्ये आहे ते आधी बघ. आई म्हणाली, “त्या पोरांनी दुपारी काय खाल्लंय ते विचारून घे, सगळा जोर तिथेच असतो.” सगळ्या सल्ल्यांत हाच जरा बरा होता.

पहिला सामना साडेतीनचा. ऊन कडकडीत. टाकीची सावली मैदान ओलांडून पार पलीकडच्या कडेपर्यंत पडली होती, कँटीनकडच्या कोपऱ्याला. तिथे तीन खुर्च्या मांडल्या. शिट्टी झाली आणि पाचव्या मिनिटाला आत्या म्हणाली, “त्या पाच नंबरला दोन दिले.”

“कॉर्नर होता?”

“नाही रे. ज्याला पाडलं त्याला उठवलंन त्याने. चांगल्या घरचा दिसतोय.”

“आत्या! चांगुलपणाचे गुण नसतात!”

“म्हणून तर खेळाची ही दशा,” आत्या म्हणाली. “सरक जरा, ऊन आलं.”

खुर्च्या सरकल्या. शिंपीकाका टाचण्या दातांत धरूनच बोलायचे, त्यामुळे त्यांचे पास ऐकू यायचे नाहीत, बघावे लागायचे. मधेच ते दोन मिनिटं गप्प झाले. भडक्याने अस्तर बघितलं तर एकतीस आणि बत्तीस कोरे.

“काका, दोन मिनिटं एकही पास नाही?”

“त्या गोलकीपरच्या चड्डीची शिवण उसवत होती रे,” काका हळहळले. “लक्षच लागेना.”

“सरक,” आत्या म्हणाली.

असं नव्वद मिनिटं चाललं. टीम दोन-शून्यने जिंकली. भडक्याने सामना बघितला नाही, त्याची मान खालीच होती, पण रात्री... रात्री कशाला, दिवेलागणीलाच रेघ तयार झाली. विसाव्या मिनिटाला एक डोंगर, मध्यंतराला दरी, सत्तराव्याला दुसरा डोंगर. जोर आपला. स्पष्ट, पांढऱ्यावर काळं. भडक्या त्या रेघेवर बोट फिरवत राहिला. लोक जे नुसतं “कळतं” म्हणत होते, ते आता कागदावर होतं.

टीमचा कोच पेशाने चष्मेवाला. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तो संघ निवडायचा. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला.

“विसाव्या मिनिटाला आपला जोर येतो?”

“आकडे तसं म्हणतात.”

“एका सामन्यावरून?”

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. टीम एक-शून्यने जिंकली, डोंगर विसावर, दरी मध्यावर, डोंगर सत्तरावर. आता कोचचे डोळे चमकले. त्याने भडक्याला दुकानात स्टूल दिलं, चहा मागवला आणि विचारलं, “म्हणजे पहिली वीस मिनिटं आपला वेगवान पोरगा उगाच पळवून दमवायचा कशाला? बाहेर ठेवू, विसाव्याला सोडू. काय म्हणतोस?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भडक्याला “काय म्हणतोस” असं विचारून उत्तराची वाट बघत होतं. तो म्हणाला, “ठेवा बाहेर.”

*

तिसऱ्या सामन्यात विसावं मिनिट उजाडेपर्यंत तीन गोल झाले होते. तिन्ही आपल्यावर. वेगवान पोरगा कडेला उभा राहून दर गोलनंतर भडक्याकडे असं बघायचा की भडक्याला लॅपटॉपमध्ये शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. सामना शून्य-तीन. आधीच्या दोन विजयांच्या गुणांवर टीम कशीबशी फायनलला पोचली, एवढंच.

आणि संध्याकाळी रेघ निघाली ती काय? विसावर डोंगर. मध्यावर दरी. सत्तरावर डोंगर. जोर आपला!

कोचने कागद बघितला, आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “वा. कागदावर जिंकलो की आपण. कपही कागदाचाच मागवू.”

“आकडे खोटं नाही बोलत!” भडक्या भडकला.

“मग गोल खोटं बोलले असतील,” कोच म्हणाला. “रेफरीला कळवतो.”

घरी येईपर्यंत बातमी त्याच्याआधी पोचली होती. शिंपीकाका दारातच उभे. “माझ्या टाचण्या बरोबर होत्या हां. एक कमी भरली, पण ती माझ्या पँटमध्ये सापडली. बसल्यावर.”  वडिलांनी फक्त फॉर्म या खिशातून त्या खिशात ठेवला. बोलले असते तर बरं, भांडता तरी आलं असतं.

दुसरा कुणी असता तर त्याने लॅपटॉप मामाला परत केला असता. भडक्यानेही तो पिशवीत भरला होता. पण पिशवीत भरताना तिन्ही कागद एकावर एक आले, आणि खिडकीच्या उजेडात त्याला दिसलं की तीन रेघा नाहीतच. एकच रेघ आहे. तीन वेगळ्या टीमशी सामने, एकदा दोन गोल मारले, एकदा एक, एकदा तीन खाल्ले, तरी डोंगराला डोंगर, दरीला दरी. त्याने कागद काचेला चिकटवून धरले. राग कुठल्या कुठे गेला. हे काय आहे? सामना फिरवणारं हे जे काही आहे ते टीमला ओळखत नाही, गोल ओळखत नाही, घड्याळ मात्र ओळखतं!

गुरुवारी, सोळा तारखेला, साडेतीन वाजता तो एकटाच मैदानावर जाऊन बसला. सामना नाही, खेळाडू नाहीत. मैदान साफ रिकामं. राखणदाराने विचारलं, “काय बघतोस?”

“जोर कुठून येतो ते.”

राखणदार हळूच लांब जाऊन उभा राहिला.

भडक्या सावलीत बसला, कँटीनच्या कोपऱ्याला. थोड्या वेळाने मान भाजायला लागली म्हणून सरकला. पुन्हा भाजली, पुन्हा सरकला. चौथ्यांदा सरकताना त्याचं लक्ष खाली गेलं. धुळीत खुर्च्यांच्या पायांच्या खुणा होत्या. चार चार भोकं, मग ओढल्याची रेघ, मग चार भोकं. कँटीनच्या कोपऱ्यापासून निघून, गोलसमोरून, मधल्या रेषेवरून, पार भिंतीकडच्या गोलपर्यंत. तीन रविवारांची अख्खी वरात. त्याने वर टाकीकडे बघितलं, खाली सावलीकडे बघितलं, मोबाइलवर वेळ बघितली. तीन पन्नासला सावली बरोबर कँटीनकडच्या गोलसमोर होती. म्हणजे सामन्याचं विसावं मिनिट.

“आयला,” तो त्या रिकाम्या मैदानाला म्हणाला.

आत्या आणि काका सावलीबरोबर सरकत होते, आणि जिथे बसतील तिथलंच त्यांना धड दिसत होतं. पहिल्या अर्ध्यात कँटीनकडचं, दुसऱ्या अर्ध्यात भिंतीकडचं, मध्यंतराला खुर्च्या मधल्या रेषेच्या कडेला, तिथे कोण गोलवर मारतंय! आणि आपला कॅप्टन तिन्ही वेळा टॉस जिंकून सवयीने कँटीनकडे मारायचं घेऊन बसला होता, म्हणजे मध्यंतरानंतर भिंतीकडे. सावली नव्वद मिनिटं नेमकी आपल्या पोरांच्या पुढे पुढे चालली होती. तिकडे दुसऱ्या टोकाला आपल्यावर तीन गोल झाले, त्याची एक पांढरी टाचणी नाही.

तीन आठवडे त्याने फुटबॉल मोजलाच नव्हता. टाकीची सावली मोजली होती, आणि खरं सांगायचं तर फार अचूक मोजली होती.

*

शुक्रवारी दुपारी त्याने हे कोचला सांगितलं. लपवता आलं असतं. फॉर्मचा शेवटचा दिवस होता, आणि चूक कबूल करून कुणी सर्टिफिकेट देत नाही. पण त्याला ते सांगितल्याशिवाय राहवेना, इतकं ते भारी होतं. कोच ऐकत राहिला, आणि हातातली फ्रेम खाली ठेवली.

“आत्याला लांबचं बघायला बसवलंस?”

“हो. का?”

“अरे, तिचा नंबर मीच काढलाय! वीस पावलांपलीकडे तिला माणूस आणि खांब सारखेच. विचारायचंस की मला!”

“मग ती लांबचे फटके कसे लिहायची?”

“आरडाओरड्यावरून लिहीत असेल.”

दोघं एकदम हसत सुटले. गिऱ्हाईक एका डोळ्यावर काच लावून तसंच बसून होतं.

“बरं,” कोच डोळे पुसत म्हणाला, “मग आपला खरा जोर कितव्या मिनिटाला येतो?”

“माहीत नाही.”

“उद्या फायनल आहे.”

“वरून बघितलं तर कळेल. टाकीवरून. अख्खं मैदान, ना ऊन ना सावली.”  मग भडक्या मान खाली घालून म्हणाला, “ते बाबांना लिहून द्यायचं होतं... मुलगा कामाचा आहे म्हणून.”

कोचने कागद घेतला, पेन उघडलं, बराच वेळ विचार केला आणि मग लिहिलं : ‘हा मुलगा चुकला हे त्याला स्वतःलाच कळलं.’ खाली सही, तारीख. “याहून जास्त आज लिहवत नाही. शून्य-तीन अजून दुखतंय.”

साडेचारला भडक्या तीन नंबरच्या खिडकीत पोचला. वडिलांनी कोचचा कागद वाचला. उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

“यात ‘कामाचा’ हा शब्द नाही.”

“नाही.” भडक्या भांडला नाही, तेव्हा वडिलांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. “बाबा, मला उद्या टाकीवर जायचंय. फायनलला. एकदाच.”

“कारण?”

भडक्याने खिशातून तो फाडलेला अर्धा कागद काढला. महिनाभर तो पँटबरोबर दोनदा धुऊन निघाला होता. त्याने पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत वाचला. “शैक्षणिक अभ्यास. फक्त नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. नोंदणीची पोच जोडावी.” त्याने मान वर केली. कानाच्या पाळ्या लाल. “हा नियम तुम्ही घुसडलाय!”

“छपाई अकरा वर्षांपूर्वीची आहे. खाली बघ, साल लिहिलंय.”

“तुम्हाला तेव्हाच माहीत होतं!”

“मी वाचून दाखवत होतो. अर्जदार फाडून निघून गेले.”

वडिलांनी खिशातून फॉर्म काढला आणि काचेखालून सरकवला. तो सगळा भरलेला होता. नाव, पत्ता, आईचं नाव, चिकटवलेला फोटो. फक्त सहीची जागा मोकळी. त्याच्याखाली आणखी एक कागद होता, टाकीच्या परवानगीचा, नवाकोरा. त्यात वडिलांच्या त्याच गोल, कारकुनी अक्षरात कारणासमोर लिहिलं होतं : ‘शैक्षणिक अभ्यास. सामन्याचा जोर मोजणेबाबत.’ शिक्का मारायचा तेवढा बाकी.

“फॉर्म खालच्या मजल्यावर घेतात, शिक्षणाच्या खिडकीत,” वडील टेबलाकडे बघत म्हणाले. “पोच आणलीस की शिक्का मारतो.”

“ही फसवणूक आहे.”

“असेल. एक विचारू? ती सावलीची चूक आकड्यांतून काढता येते का? म्हणजे पुन्हा सामने न बघता?”

“येत असणार,” भडक्या म्हणाला. हाच प्रश्न त्याला कालपासून चावत होता. “कशी ते मला येत नाही.”

“हं,” वडील म्हणाले आणि याहून एक शब्द जास्त बोलले नाहीत. खरं तर तिथेच त्यांनी सामना फिरवला. मिनिट सांगायचं तर चार वाजून चव्वेचाळीस.

भडक्याने काचेला दोरीने बांधलेलं पेन ओढलं आणि इतकी दाबून सही केली की ती मागच्या कागदावरही उमटली. “शाळेबद्दल माझं मत बदललेलं नाही. हे फक्त टाकीसाठी आहे. लक्षात ठेवा.”

“नोंद घेतली.”

“आणि उद्या आत्याला दूरचा चष्मा घ्यायचा. आणि तुम्ही मला स्पेलिंग विचारलंत त्याबद्दल मी अजून...”

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “अहो, बापलेकांनी घरी भांडा की!”

“घरीच भांडणार आहे!” भडक्या वळून ओरडला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि दोन्ही कागद छातीशी धरले. “खाली पाचला खिडकी बंद होते. मला आता निघायचंय.”